भांडून वाढणाऱ्या सुवार्ताबाई

भुकेल्या माणसाला जेवायला वाढता वाढता त्याच्याशी कडाकडा भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुवार्ताबाई भालेराव.

रविवारची दुपार. तुर्भ्याकडच्या पुलाखाली सावलीत माणसं ओळीनं बसलेली. कुणाचं अख्खं घर एका गोणीत, कुणाला तर गोणीसुद्धा नाही. चर्चमधली तरुण मुलंमुली वाकून, अगदी हळू आवाजात विचारतायत, "बाबा, अजून घ्या ना", "आजी, पुरे झालं का?" आणि या सगळ्या मऊ कुजबुजीला फाडून एक खणखणीत आवाज येतो :

"मिस्टर, ही खानावळ नाही! आवडीनिवडी आपापल्या घरी!"

समोरून तितकाच खणखणीत जबाब :

"घर असतं तं तुजी पिवली खिचरी खायाला आयलो असतो काय गो?"

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, आता इथे पोलीस येणार. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की जेवण वेळेवर सुरू झालेलं आहे.

ख्रिस्ती मंडळींत सुवार्ता म्हणजे देवाची आनंदाची बातमी. आमच्या सोसायटीत मात्र सुवार्ताबाई जिना उतरताना दिसल्या की सेक्रेटरी स्कूटरला किक मारून निघून जात. टाकी का भरली नाही, जिन्यातला दिवा दिवसा का जळतो, कुणाच्या मुलानं भिंतीवर बॉल मारला, या सगळ्याचा हिशेब त्या जागच्या जागी मागत. बाई ठेंगण्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा. उभ्या आयुष्याची नोकरी नगरकडे मुलींच्या होस्टेलवर रेक्टर म्हणून झालेली. भालेरावसाहेब इकडे कंपनीत, बाई तिकडे होस्टेलवर. त्यांचा संसार सुट्यांपुरता होता, मूलबाळ नव्हतं. रिटायर होऊन बाई नेरूळला कायमच्या राहायला आल्या, आणि आता दोघांनी निवांत राहायचं म्हणेपर्यंत भालेरावसाहेब गेले. खोल्या दोन आणि माणूस एक, अशी वाटणी झाली.

मी साताऱ्याकडचा शिंदे. मार्केटमध्ये एका कांदा-बटाटा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर काम करतो. माझा या चर्चच्या सेवेशी काहीच संबंध नव्हता. पण एका सकाळी बाईंनी बेल वाजवली आणि दारातच विचारलं, "शिंदे, तुमच्या व्हॅनची मागची सीट निघते का?"

मला वाटलं, कुणाला तरी दवाखान्यात न्यायचंय. मी घाईघाईनं म्हटलं, "निघते की."

"छान. रविवारी पातेली न्यायची आहेत. उपासना संपली की चर्चच्या मागच्या दाराशी गाडी लावा."

"पण बाई, मी हिंदू माणूस…"

"मी गाडीचा धर्म विचारला का?"

बस्स. त्या दिवसापासून माझे रविवार गेले. माझी बायको वैशाली म्हणाली, "जाऊ द्या, नाही तरी घरात लोळतच असता." गाळ्यावरच्या शेठनं ऐकलं तसं एक कांद्याची गोण दर आठवड्याला देऊन टाकली. म्हणजे मी ड्रायव्हर होतो, हमालही झालो.

चर्च लहानसंच. पाळकसाहेब तरुण, स्वभावानं गरीब, आणि प्रार्थनेत रमणारे. पुलाखाली पोचल्यावर वाढण्याआधी ते प्रार्थना करत. प्रार्थना भुकेल्यांसाठी सुरू होई, मग आजाऱ्यांसाठी, मग प्रवासात असलेल्यांसाठी, मग देशाच्या पुढाऱ्यांसाठी. पुढाऱ्यांपर्यंत गाडी आली की सुवार्ताबाई डोळे मिटूनच, मोठ्यांदा "आमेन!" म्हणत. सगळी मुलं दचकून "आमेन" म्हणत. पाळकसाहेबांचं वाक्य अर्धं तोंडात राही. "भात गार झाला तर प्रभूला काय तोंड दाखवू?" असं बाई पुटपुटत आणि डाव उचलत.

मुलांच्या मऊ बोलण्याचा त्यांना मनस्वी राग. "आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं काय बोलता रे? ही माणसं भुकेली आहेत, मेलेली नाहीत." त्या प्रत्येकाला 'मिस्टर' आणि 'मिसेस' म्हणत. हात धुतल्याशिवाय ताट नाही. नखं वाढलेली दिसली तर नेलकटर काढून द्यायच्या आणि तो परत येईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. एकदा कुठल्याशा कंपनीची मुलं बॅनर घेऊन आली. एकेक केळं हातात ठेवायची आणि खांद्यावर हात टाकून फोटो. बाईंनी बॅनर गुंडाळून त्यांच्याच काखेत दिला. "आधी विचारा, फोटो काढू का. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन मी असा काढला तर चालेल?"

ती मुलं ओशाळली. पण शेवटच्या खांबाजवळून आवाज आला, "माजा काढ रे पोरा. पन काढलास का मना दाखीव." पोरानं काढला, दाखवला. म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांपाशी धरून पाहिला आणि म्हणाला, "केस नाय विंचरलं. पुसून टाक."

हा म्हातारा म्हणजे जोमा. बाईंचा मुख्य शत्रू.

जोमा इथलाच, खाडीकाठचा आगरी माणूस. तरुणपणी मिठागरात राबलेला. आडनाव विचारलं तर "विसरलो" म्हणे, गाव विचारलं तर पुलाच्या खांबाकडे बोट दाखवी. काटक, काळा, डोक्याला कसलासा टॉवेल गुंडाळलेला. बाकीची माणसं मिळेल ते मुकाट्यानं खात, वर हात जोडत. जोमा पहिला घास घेई, डोळे मिटून चघळी, आणि तोंड वाकडं करी.

"मडमबाय, मीठ कुटं हाय?"

"खिचडीत आहे, मिस्टर जोमा."

"मंग मना का नाय गावत? आमी सगल्या मुंबयला मीठ खायाला घातलं गो. आनि तू मना अलनी जेवान वाढतंस?"

"डॉक्टर म्हणतात, तुमच्या वयाला मीठ कमीच हवं."

"माजं वय काय म्हनून सांगलं तुना डाक्टरनं?"

झालं. खिचडीवरून वयावर, वयावरून ते दोघं जागेवर येत. बाई म्हणत, हा सेक्टर अमुक. जोमा म्हणे, सेक्टर कसला, इथं आमची खाडी होती, तू जिथं उभी हायस तिथं भरतीला पानी येई, पायातले जोरे काढून ठेव. बाई म्हणत, आता नाही येत. जोमा म्हणे, येल एक दिवस, तवा मना हाक मारू नको. सगळ्यात मोठं भांडण सुकटीचं. आठवड्यात एकदा तरी वाळलेल्या मासळीचा वास नाकात गेला नाही तर ते जेवणच नव्हे, असं त्याचं म्हणणं. बाई सांगत, इथं सगळ्यांना चालेल असंच शिजवतो, मासळी काहींना चालत नाही. त्यावर जोमा ताट पुढं सरकवून म्हणे, "मंग घाल तुजी पिवली."

आणि बाई घालत. इतरांपेक्षा डावभर जास्तच. गाडीत बसल्यावर मला म्हणत, "काय उद्धट माणूस आहे हो! नाव काढू नका." मग आम्ही नेरूळला पोचेपर्यंत त्या त्याच्याबद्दलच बोलत राहत.

एका रविवारी शेवटच्या खांबापाशी जोमा नव्हता. त्याची गोणीही नव्हती.

"गेले असतील पंचतारांकित ठिकाणी," बाई म्हणाल्या. पण त्यांनी एक ताट वाढून, वर दुसरं पालथं घालून बाजूला ठेवलं. सगळं आटपलं, पातेली गाडीत चढली, तरी त्या त्या झाकलेल्या ताटापाशी उभ्या होत्या. शेवटी ते ताट एका दुसऱ्या माणसानं खाल्लं. त्यानं हात जोडून "देव तुमचं भलं करो" म्हटलं. बाईंनी उत्तरसुद्धा दिलं नाही.

पुढच्या रविवारीही तो नव्हता. मग बाईंनी मला घरी जाऊच दिलं नाही. पाळकसाहेब आणि मुलं पातेली रिक्षातून घेऊन गेली, आणि आम्ही दोघं जोमाला शोधत फिरायला लागलो. दुसरे पूल पाहिले, स्टेशनांचे जिने पाहिले, ट्रक उभे राहतात ती जागा पाहिली. बाई गाडीची काच खाली करून विचारायच्या, "इथे एक अत्यंत उद्धट गृहस्थ दिसले का?" लोक आमच्याकडे बघत राहायचे. मी त्यांना सांगितलं, बाई, जरा कपड्यांचं वर्णन करा. त्या म्हणाल्या, "कपडे कोण बघतं? तो तोंड उघडल्यावरच ओळखू येतो."

शेवटी आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदार भला माणूस होता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं आणि लिहायला घेतलं.

"नाव?"

"जोमा."

"आडनाव?"

"सांगत नाही तो."

"वय?"

"म्हातारा आहे. पण तसं म्हटलेलं त्याला आवडत नाही."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"तुमचं नातं काय, मॅडम?"

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "नातं काही नाही. आमचं भांडण आहे."

"अच्छा! म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार द्यायचीय."

"अहो, तो सापडत नाही हीच माझी तक्रार आहे!"

हवालदारानं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटलात बघितलंत का?"

बाईंचा चेहरा त्या क्षणी जो उतरला तो मी पहिल्यांदाच पाहिला. 

जोमा महापालिकेच्या दवाखान्यात सापडला. जनरल वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. रस्ता ओलांडताना पडला होता, पाय मोडला होता. कुणीतरी रिक्षात घालून आणून सोडलं होतं. सिस्टर म्हणाली, "या बाबांना बोलता येत नाही. आल्यापासून एक शब्द नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, खुणा केल्या. नुसते भिंतीकडे बघून पडून असतात."

दाढी वाढलेली, गाल बसलेले, डोक्याला तो टॉवेल नाही. टॉवेलाशिवाय जोमा एकदम लहान दिसत होता. बाई खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा नाकावर चढवला.

"मिस्टर जोमा, दोन रविवार तुमच्यासाठी ताट काढून ठेवलं. दोन्ही वेळा दुसऱ्यानं खाल्लं."

भिंतीकडे वळलेलं डोकं हललं. घसा खाकरल्याचा आवाज आला.

"खिचरीच ना? जावदे. माजा काय गेला त्यान?"

सिस्टरच्या हातातली थर्मामीटरची डबी खाली पडली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "हा बोलतो?" सिस्टर म्हणाली.

"बोलतो?" बाई म्हणाल्या. "आता तुम्ही याला गप्प करून दाखवा." आणि पदराचं टोक चष्म्याखाली घालून त्यांनी पटकन डोळे पुसले. मग चष्म्यालाच धूळ बसलीय असं दाखवत तो पुसायला घेतला.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी दवाखान्यात. बसनं जात, आणि मी मार्केटमधून सुटलो की येताना त्यांना घेऊन येई. मधल्या काळात आमच्या बिल्डिंगवर एक संकट कोसळलं. बाईंनी सुकट करायला घेतली. नगरकडची बाई, तिला वाळलेल्या मासळीचा काय अनुभव? वास जिन्यातून खाली उतरला, आमच्या घरात शिरला, तिथून सेक्रेटरीच्या हॉलमध्ये गेला. सेक्रेटरी वर गेले. पाच मिनिटांत खाली आले ते कपाळाचा घाम पुसत. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "म्हणाल्या, पाण्याची टाकी वेळेवर भरा, मग वासाचं बोला."

डबा वॉर्डात उघडला तेव्हा ओळीतली सगळी डोकी वर झाली. सिस्टरनं लांबूनच नाकाला रुमाल लावला, पण ती काही बोलली नाही. जोमानं घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चघळला. मला वाटलं, आता रडतो की काय.

"सुकटीन पानी घातलंस?" जोमा म्हणाला.

"थोडं. खाली लागू नये म्हणून."

"अगो, सुकटीन पानी कोन घालतं? मेलेली मासली परत पवायला सोडतंस काय?"

"खायची तर खा. नाही तर डबा बंद करते."

"बंद नको करू. पन अशी करतान काय? माजे पुतनीच्या हातची खाऊन बघ एकदा. जासयीन तिच्यासारखी सुकट कोन करीत नाय."

बाईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. जोमाचाही घास थांबला. जोमाच्या माणसांचा शोध कुणी घेतलाच नव्हता, आणि तो आपोआप लागला होता. ह्या माणसाला पुतणी होती, गाव होतं, उरणकडची जासई.

"मेली असंल आता ती," जोमा घाईघाईनं म्हणाला.

"'करीत नाय' म्हणालात," बाई शांतपणे म्हणाल्या. "'करीत नव्हती' असं नाही म्हणालात."

इतकी वर्षं होस्टेलच्या मुलींच्या थापा पकडलेल्या बाईपुढे बिचारा जोमा काय टिकणार? त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं ते शेवटपर्यंत वळवलं नाही. डबा मात्र रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. बाई तयार होऊन उभ्या. "जासईला जायचंय."

मी म्हटलं, "बाई, त्यालाच नको असेल तर? आपण बघतोय ना त्याचं. पाय बरा झाला की पुन्हा येईल तो पुलाखाली."

त्या जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या. मग म्हणाल्या, "घरच्यांवर रुसून सुटीत घरी न जाणाऱ्या मुली असायच्या, शिंदे. मला सांगायच्या, मॅडम, मी इथंच राहते. मला बरं वाटायचं हो. सगळं होस्टेल रिकामं, मी आणि ती एक मुलगी. पण तरी मी तिच्या घरी कळवायचे." आणि गाडीत जाऊन बसल्या.

जासईला कंटेनरच्या अवजड गाड्यांची रांग आणि त्यांची धूळ. विचारत विचारत गेलो. पुतणीचं नाव सुगंधा, असं गावातच कळलं. जोमा हे नाव घेताच दोन बायकांनी एकदमच तिच्या दाराकडे बोट केलं. सुगंधा चाळिशीतली, अंगणात मासळी निवडत बसलेली. बाईंनी सांगितलं, "जोमा दवाखान्यात आहेत. बरे आहेत." ती उठली आणि पायरीवर परत खाली बसली. हातातली मासळी तशीच.

मग तिनं सांगितलं. काकी वारल्यावर काका तिच्याकडेच राहायचा. तिचा नवरा एके दिवशी रागाच्या भरात बोलून गेला, म्हातारा नुसता बसून खातो. जेवताना बोलला. काकानं ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि बाहेर पडला. पहिल्यांदा वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. मग सगळीकडे शोधलं. "पार पनवेलपत्तर गेलो आमी. ह्यो इकरं पुलाखाली हाय, कोनाला म्हाईत?" नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता.  पण आम्ही निघालो तेव्हा तो आमच्याआधी गाडीत जाऊन बसलेला होता.

वॉर्डात सुगंधा धावतच शिरली. जोमानं तिला पाहिलं आणि पहिलं वाक्य काढलं ते, "येवरा उशीर?" ती त्याच्या खाटेवर डोकं टेकून रडायला लागली. नवरा दारातच घुटमळत उभा. जोमानं मान उंचावून त्याच्याकडे पाहिलं, मग प्लास्टरमधल्या पायाकडे बोट दाखवलं.

"जावई, पाय मोरलाय. आता तं बसूनच खानार."

जावई हसायला गेला आणि लहान मुलासारखा रडला. सगळा वॉर्ड बघत होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

डिस्चार्जच्या दिवशी जोमाला माझ्याच व्हॅनमधून नेलं. बाई म्हणाल्या, घर नीट आहे की नाही ते मला बघायला हवं. घर नीट होतं. जोमासाठी ओटीवर खाट टाकलेली. सगळी आळी जमा झाली होती आणि सगळे त्याला ओरडत होते. कुणी म्हणे कुठं मेला होतास, कुणी म्हणे बारीक झालास, एक म्हातारी तर त्याला काठीनं ढोसत होती. जोमा सगळ्यांना पुरून उरत होता. बाईंना त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, थंड पेय दिलं. "मॅडम, घ्या ना." "मॅडम, तुमचे फार उपकार." सुगंधा वाढायला उठली तशा बाईही उठल्या, तर चार जणींनी त्यांना परत बसवलं. "तुम्ही बसा, मॅडम. तुम्ही कशाला?" ग्लास गुडघ्यावर धरून बाई बसून राहिल्या. सुगंधाच्या हातची सुकट त्यांनी एक घास खाल्ली. चांगली झालीय, म्हणाल्या. त्यावर कुणी वाद घातला नाही.

निघताना जोमानं गर्दीतून हाक मारली, "मडमबाय, येत जा गो. पन येताना जेवान आनू नको!" सगळे हसले. बाईही हसल्या. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "झालं एकदाचं चांगलं." त्या "हो" म्हणाल्या. जोमाच्या उद्धटपणाबद्दल त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी पुलाखाली नेहमीसारखंच सगळं झालं. पाळकसाहेबांची प्रार्थना पुढाऱ्यांपर्यंत पोचली, पुढाऱ्यांच्याही पलीकडे गेली, आणि त्यांनी स्वतःच आमेन म्हटलं. त्यांनी डोळे उघडून जरा नवलानं बाईंकडे पाहिलं. शेवटच्या खांबाशी एक नवीन बाई येऊन बसली होती. सुवार्ताबाईंनी तिला वाढलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे का?" तिनं मान हलवली. "अळणी असेल तर सांगा, मी देते." तिनं हात जोडले. डाव हातात घेऊन बाई तिच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मागची मुलं रांगेत खोळंबली.

नंतर चर्चच्या मागच्या नळावर आम्ही पातेली घासत होतो. मुलं पुढं गेली होती. मी म्हटलं, "बाई, जाऊ की एखाद्या दिवशी जासईला. लांब कुठं आहे?"

"कशाला? तो बरा आहे तिथे." त्या पातेल्याच्या तळाला लागलेला भात खरवडत होत्या. खरवडता खरवडता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "शिंदे, मला सगळे 'अहो' म्हणतात. चर्चमध्ये, सोसायटीत, दवाखान्यात. तुम्हीही म्हणता. मुली तर आयुष्यभर म्हणत आल्या. आई गेली, थोरली बहीण गेली, मग हे गेले. मला 'अगं' म्हणणारं माणूस आता जगात कुणी नाही." त्यांनी पातेलं नळाखाली धरलं. "तो 'अगो' म्हणायचा. त्याच्या भाषेत सगळ्यांनाच तसं म्हणतात, कळतं मला. तरी म्हणायचा."

 मी पातेली गाडीत भरली.

बिल्डिंगपाशी आलो. बाई उतरायला लागल्या, साडीचा काठ दारात अडकला आणि त्यांचा तोल थोडा गेला. मी हात पुढं केला. 'अगं, सावकाश' असं म्हणायचं मी वाटेतच ठरवलं होतं. त्या माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. अवघड काय आहे त्यात? मी तोंड उघडलंसुद्धा.

"सावकाश हं, बाई," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या. मी खाली उभा होतो. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग दार लागल्याचा. मध्ये कुणाचाही आवाज नव्हता.